पट्टकृमीचा हजेरीपट



आजच्या व्याख्यानाचा विषय पट्टकृमी आहे असे फलकावर वाचून काहींनी नाक मुरडले असेल, आणि ते स्वाभाविकच आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमालेची प्रथा घातली, तेव्हापासून या मंचाला इतिहास, वाङ्मय, राजकारण असेच विषय शोभतात असा आपला समज झालेला आहे. जंत हा विषय आजीबाईच्या बटव्यापाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो. परंतु मी पडलो कामगारांची प्रकरणे लढविणारा माणूस. कोणाचा हात यंत्रात गेला, कोणाच्या छातीत धूळ बसली, कोणाला भरपाई मिळाली आणि कोणाला हात हलवीत परत यावे लागले, हीच माझी बखर. त्या बखरीत मला एक गोष्ट वारंवार आढळली. एखादा रोग अस्तित्वात आहे की नाही, हे पुष्कळदा नुसते रोगावर अवलंबून नसते. तो कोणाला झाला आणि त्या माणसाचे नाव कोणत्या वहीत लिहिलेले होते, यावर ते ठरते. या गोष्टीचा पट्टकृमीइतका स्वच्छ पुरावा मला दुसरा सापडला नाही. म्हणून हा विषय.

प्रथम या प्राण्याची ओळख करून घेऊ. पट्टकृमी म्हणजे पांढुरक्या फितीसारखा चपटा जंत. ही फीत एकसंध नसते. शेकडो लहान लहान खंड एकापुढे एक जोडलेले असतात. डोके टाचणीच्या माथ्याएवढे, त्याने तो आतड्याच्या भिंतीला चिकटून राहतो. त्याला तोंड नाही, पोट नाही. आपण खाल्लेले, आपण पचविलेले अन्न तो साऱ्या अंगाने शोषून घेतो. (असे प्राणी समाजातही आहेत, पण ते आजच्या विषयात बसत नाहीत.) गाईबैलांच्या मांसातून माणसात येणारा पट्टकृमी चारपासून दहा मीटरपर्यंत वाढतो, डुकराच्या मांसातून येणारा त्याहून आखूड, पण दोनचार मीटर सहज भरतो. उलट कुत्र्याच्या आतड्यात राहणारा एक पट्टकृमी आहे, तो उण्यापुऱ्या पाचसहा मिलिमीटरांचा. तिळाएवढा म्हणा ना. परंतु पुढे दिसेल की या तिळाचा माणसाला होणारा त्रास त्या दहा मीटरवाल्यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

या कुळाची मुख्य खूण ही की त्याला दोन घरे लागतात. एका घरी तो फितीच्या रूपाने आतड्यात राहतो आणि विष्ठेवाटे अंडी बाहेर टाकतो. ती अंडी गवताबरोबर, पाण्याबरोबर दुसऱ्या जनावराच्या पोटात गेली की त्यांतून सूक्ष्म अळ्या निघतात, रक्तात शिरतात आणि मांसात, काळजात, फुप्फुसात, मेंदूत जाऊन पाण्याने भरलेल्या पिशवीच्या रूपाने बसतात. ही पिशवी पहिल्या घरच्या जनावराने खाल्ली की पुन्हा फीत. तेव्हा एक घर खाणाऱ्याचे आणि दुसरे खाल्ल्या जाणाऱ्याचे. रानात लांडगा आणि हरीण ही जोडी. माणसाने कुत्रा पाळला, मेंढरे पाळली, तेव्हा तीच जोडी कुत्रा आणि मेंढी या रूपाने वाड्यावर आली. डुक्कर आणि गाय यांच्या पट्टकृमींचे पहिले घर मात्र माणूस, आणि माणूसच. त्यांची फीत दुसऱ्या कोणा जनावराच्या आतड्यात नांदत नाही. म्हणजे डुकराच्या मांसात जी गोळी सापडते ती कोणातरी माणसाच्या विष्ठेतूनच तिथे आलेली असते. डुकराने माणसाला रोग दिला असे आपण म्हणतो, तेव्हा आधी माणसाने तो डुकराला दिलेला असतो हे आपण विसरतो.

आता खरा अनर्थ कोठे होतो तो पाहा. डुकराच्या पट्टकृमीची अंडी डुकराऐवजी माणसाच्याच पोटात गेली, तर माणूसच त्याचे दुसरे घर बनतो. ती पिशवी स्नायूत बसली तर कातडीखाली वाटाण्याएवढी गाठ लागते आणि विशेष काही होत नाही. डोळ्यात बसली तर दृष्टी जाते. मेंदूत बसली तर आज ना उद्या फेफरे येऊ लागते. गाईच्या पट्टकृमीची अंडी हा उपद्रव करीत नाहीत. डुकराच्या पट्टकृमीची करतात. आणि ही अंडी पोटात जायला डुक्कर खावे लागत नाही. ज्याच्या आतड्यात फीत आहे त्याच्या न धुतलेल्या हाताने वाढलेली भाकरी पुरते. मैल्याच्या पाण्यावर वाढलेली कोथिंबीर पुरते. हा मुद्दा ध्यानात ठेवावा, कारण पुढला सारा इतिहास त्याच्याभोवती फिरतो.

जंताची माहिती आपल्याकडे जुनी आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात वीस प्रकारचे कृमी सांगितले आहेत आणि त्यांत पांढऱ्या, रुंद, वादीसारख्या कृमींचेही वर्णन येते. वावडिंग, पळसाचे बी, डाळिंबाच्या मुळाची साल ही औषधे घरोघर माहीत होती. डाळिंबाच्या सालीचा हा गुण एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बंगालमधल्या इंग्रज डॉक्टरांनी येथल्या लोकांकडून उचलला आणि युरोपात कळविला. पुढे १८७८ साली फ्रान्समध्ये तांरे या रसायनज्ञाने त्या सालीतले द्रव्य वेगळे काढले. एवढे ज्ञान असूनही एक गोष्ट मात्र ना चरकाला उमगली ना युरोपातल्या पंडितांना: मांसातली पिशवी आणि आतड्यातली फीत हे एकाच प्राण्याचे दोन अवतार आहेत. पंडित म्हणत, ही पिशवी आपोआप उपजते.

हा गुंता १८५० नंतरच्या पाचसात वर्षांत सुटला. जर्मनीत झीबोल्ट याने मेंढराच्या पोटातल्या पिशव्या कुत्र्यांना खाऊ घातल्या आणि कुत्र्यांच्या आतड्यात ते तिळाएवढे पट्टकृमी उपजलेले दाखविले. त्सिटाऊ गावच्या क्युखेनमाइस्टर नावाच्या डॉक्टराने १८५५ साली त्यापुढची मजल मारली. फाशीची शिक्षा झालेल्या एका कैद्याच्या जेवणात त्याने डुकराच्या मांसातल्या गोळ्या मिसळल्या. कैद्याला त्याची गंधवार्ता नव्हती. शिक्षा अमलात आल्यावर प्रेत फाडून पाहिले तेव्हा आतड्यात कोवळे पट्टकृमी चिकटलेले आढळले. शास्त्राचे मोठे काम झाले यात शंका नाही. पण त्या अभाग्याचे नाव आज कोणाला ठाऊक नाही, डॉक्टराचे मात्र प्रत्येक ग्रंथात आहे. ज्याच्या शरीरावर शास्त्र उभे राहिले त्याचे नाव गळणे, हा प्रकार या कथेत पुन्हा येणार आहे.

आता हिंदुस्थानाकडे येऊ. येथे पट्टकृमीची पहिली मोजदाद झाली ती गोऱ्या पलटणीच्या रसदीमुळे. गोऱ्या शिपायाला रोज गोमांस लागे. सरकार गुरे विकत घेऊन छावणीत कापी, आणि जे सरकार विकत घेते ते मोजतेही. वरच्या पंजाबात १८६९ च्या सुमारास कापलेल्या १३,८१८ जनावरांपैकी ७६८ जनावरांच्या मांसात पट्टकृमीच्या गोळ्या मिळाल्या, म्हणजे शेकडा साडेपाच. कलकत्त्यास सर्जन टिमोथी लुइस यांनी १८७२ साली गोमांसातल्या आणि डुकराच्या मांसातल्या या गोळ्यांवर स्वतंत्र अहवाल लिहिला, तोही शिपायांच्या शिध्याच्या संबंधातच. आपल्या जालन्यालाही त्या काळी छावणी होती आणि तेथील शिपायांचा शिधा सरकारच्या हिशेबात होता. छावणीच्या कुंपणाबाहेर टेंभुर्णीत, जाफराबादेत, भोकरदनात कोणते जनावर कापले गेले आणि त्याच्या काळजात काय निघाले, हे लिहून ठेवण्याचे कोणाला कारण नव्हते.

१८८८ साली मद्रासेत एक कुली झटके येऊन मेला. आर्मस्ट्राँग नावाच्या डॉक्टराने त्याचे प्रेत तपासले तेव्हा त्याच्या मेंदूत या पिशव्या सापडल्या. हिंदुस्थानात माणसाच्या शरीरात हा रोग सापडल्याची ही पहिली नोंद समजतात. नोंदीत त्याची ओळख ‘कुली’ एवढीच राहिली. तो कोठून आला, कोणाच्या कामावर होता, त्याच्या वस्तीत आणखी कितीजणांना झटके येत होते, याची चौकशी कोणी करावी? कुल्याला हजेरीपट असतो तो मजुरीपुरता. तो मेला की नावावर रेघ.

पुढची चाळीसएक वर्षे हा रोग म्हणजे ग्रंथातली एक तळटीप होऊन राहिला. १९१२ साली कृष्णस्वामी यांनी एका रोग्याच्या अंगावरच्या गाठींची हकीकत छापली. अशी एखाददुसरी नोंद मिळते. आणि मग १९३० नंतर एकाएकी रोगी शेकड्यांनी दिसू लागले. कोठे? तर लंडनमध्ये!

ही गोष्ट जरा विस्ताराने सांगतो, कारण माझ्या दृष्टीने सगळ्या कथेचे मर्म येथे आहे. हिंदुस्थानात नोकरी करून परतलेल्या गोऱ्या शिपायांपैकी काहींना फेफरे येऊ लागले. भरती होताना ही धट्टीकट्टी माणसे; घराण्यात कोणाला हा रोग नाही; आणि चारपाच वर्षांनी, कोणाला त्याहून पुष्कळ उशिरा, भर कवायतीत झटका येऊन पडत. डॉक्टर लिहीत: अपस्मार, कारण अज्ञात. कोणावर ढोंगाचा, कोणावर वेडाचा शिक्का बसे. असा शिक्का बसलेल्या माणसाची पलटणीत जागा राहत नाही, आणि रोग नोकरीमुळे झाला हे सिद्ध झाले नाही तर पेन्शनीचीही पंचाईत, हे कामगार चळवळीतल्या कोणालाही सांगायला नको. मिलबँकच्या लष्करी इस्पितळात कर्नल मॅकार्थर नावाचे डॉक्टर होते. हे पुढे इंग्रज लष्कराच्या वैद्यकीय खात्याचे मुख्य झाले. त्यांनी या शिपायांची अंगे चाचपून पाहिली, कातडीखालच्या गाठी काढून तपासल्या, मांड्यांची क्ष-किरण चित्रे घेतली. चित्रांत तांदळाच्या दाण्यांसारखे पांढरे ठिपके ओळीने दिसले. त्या जुन्या, वाळून चुन्यासारख्या झालेल्या पिशव्या होत्या. जे मांडीत तेच मेंदूत. १९३३-३४ च्या सुमारास त्यांनी हे प्रसिद्ध केले आणि ‘कारण अज्ञात’ या दोन शब्दांच्या जागी कारण लिहिले गेले.

पुढे डिक्सन आणि लिप्सकम या डॉक्टरांनी अशा ४५० रोग्यांचा वर्षानुवर्षे माग ठेवून १९६१ साली त्यांचा अहवाल छापला. त्यांतले बहुतेक सारे हिंदुस्थानात राहून गेलेले. या रोग्यांपैकी सुमारे चौथ्या हिश्शाच्याच पोटात कधीकाळी पट्टकृमी असल्याची माहिती मिळाली. उरलेल्या बहुतेकांच्या पोटात अंडी गेली ती दुसऱ्या कोणाकडून तरी, अन्नातून, पाण्यातून, भाजीतून आलेली.

आता विचार करा. ज्या छावणीतल्या साहेबाला हा रोग झाला, त्या छावणीतल्या भिस्त्याला, खानसाम्याला, घोड्याच्या मोतद्दाराला आणि बाजारातल्या माळणीला तो होत नव्हता काय? पाणी तेच, भाजी तीच, माती तीच. परंतु शिपायाच्या नावाचा कागद होता. कोणत्या साली भरती, कोणत्या ठाण्यावर किती दिवस, कोणता ताप, कधी रजा, हे सारे लिहिलेले. आणि हे सगळे कागद अखेर एका इस्पितळातल्या एका टेबलावर येऊन पडत. म्हणून एका हुशार डॉक्टराला दहा कागद शेजारी ठेवून पाहता आले. आपल्याकडच्या फेफरेकऱ्याच्या नाकाला कांदा लावला जाई, जुने पायताण हुंगविले जाई, कोणी बाहेरची बाधा म्हणे, कोणी देवीचा कोप. बायकोला येत असेल तर नवरा माहेरी धाडी. त्या मुलींचा कागद कोणत्या टेबलावर यायचा होता?

स्वराज्यानंतरही ही स्थिती झटकन पालटली नाही. रोग शोधायला मेंदूचे चित्र लागे आणि तसे चित्र काढणारे सी. टी. स्कॅनचे यंत्र आपल्या मोठ्या शहरांत आले ते १९८० च्या सुमारास. यंत्र आल्यावर एक नवलच दिसले. झटका आलेल्या पुष्कळ तरुण रोग्यांच्या मेंदूत एकच लहानसा डाग दिसे. डॉक्टरांनी तो क्षयाचा मानला. आपल्या देशात क्षय काय थोडा आहे? वर्ष-दीड वर्ष क्षयाची औषधे चालत. औषधाने डाग नाहीसा होई आणि निदान बरोबर ठरले असे वाटे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या चांडी, राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे डाग शस्त्रक्रियेने काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यांत पुष्कळदा क्षय नव्हता. मरायला टेकलेली पट्टकृमीची पिशवी होती, आणि ती औषध न देताही आपोआप विरून जात असे. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या साप्ताहिकात हे छापून आले. त्याच सुमारास, १९८८ साली, मुंबईचे मेंदुरोगतज्ज्ञ डॉ. नोशिर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्यांच्या सर्वांगात अशा पिशव्या पसरल्या होत्या त्या रोग्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. जेथे या पट्टकृमीचा वावर आहे त्या मुलखांत फेफऱ्याच्या दर शंभर रोग्यांपैकी सुमारे तीसजणांच्या रोगामागे तो असतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

या नव्या चित्रांनी आणखी एक जुना समज मोडला. रोग्यांत जन्मात मांसाला न शिवलेली माणसे निघू लागली. पूर्वी कोणी विचारले की हा रोग कोणाला होतो, तर उत्तर तयार असे: डुक्कर खाणाऱ्यांना. मग ‘डुक्कर खाणारे’ म्हणजे कोण, हे गावात कोणाला विचारावे लागत नसे. बोट थेट गावकुसाबाहेर जाई. वस्तुतः नीट शिजविलेले डुकराचे मांस खाणाऱ्याला काहीच होत नाही. अर्धे कच्चे खाणाऱ्याच्या आतड्यात फीत होईल, आणि ती एका दिवसाच्या औषधाने निघेल. मेंदूचा रोग होतो तो अंड्यांनी, आणि अंडी येतात मैल्यातून. तेव्हा प्रश्न ताटाचा नसून संडासाचा आहे. याचे जगप्रसिद्ध उदाहरण न्यूयॉर्कचे आहे. तेथील कडव्या ज्यू वस्तीतल्या चार रोग्यांना हा आजार झाल्याचे १९९२ साली प्रसिद्ध झाले. ज्यू धर्मात डुक्कर निषिद्ध, आणि ही मंडळी तर अत्यंत कर्मठ. शोध केला तेव्हा लॅटिन अमेरिकेतून आलेल्या मोलकरणींपैकी काहींच्या पोटात पट्टकृमी आढळला. ही बातमी वाचून काही घरांत काय झाले असेल ते मी सांगायला नको. मोलकरणीला कामावरून काढणे सोपे असते. तिला डॉक्टरकडे नेऊन एक गोळी देवविणे त्याहूनही सोपे आहे आणि दोन्ही घरांना हिताचे आहे, हे मात्र सांगावे लागते.

गोळीसंबंधी एक सावधगिरीची सूचना येथेच देतो. जंताची गोळी आता स्वस्त आहे. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनाला शाळांत आणि अंगणवाड्यांत मुलांना ती फुकट मिळते. परंतु ज्याला झटके येतात त्याने पट्टकृमीचे औषध डॉक्टरला विचारल्यावाचून घेऊ नये. मेंदूतली पिशवी औषधाने एकदम मेली तर तिच्याभोवती सूज येऊन झटके वाढू शकतात.

आता त्या तिळाएवढ्या पट्टकृमीकडे वळतो, कारण आपल्या शेळ्यामेंढ्यांच्या, म्हशींच्या मुलखात तो अधिक जवळचा आहे. हा कुत्र्याच्या, लांडग्याच्या, कोल्ह्याच्या आतड्यात हजारोंनी राहतो आणि त्यांना फारसा त्रास देत नाही. त्याची अंडी गवतावर पडतात. मेंढी, शेळी, गाय, म्हैस चरताना ती गिळते आणि तिच्या काळजात, फुप्फुसात पाण्याच्या पिशव्या वाढतात. कुत्र्याच्या अंगावर हात फिरवून तसेच जेवायला बसणारे पोर ती अंडी गिळते तेव्हा त्याच्याही काळजात तीच पिशवी वाढते. इतकी सावकाश, की पोर बाप्या होईपर्यंत पत्ता लागत नाही. मग एके दिवशी उजव्या कुशीत नारळाएवढी गाठ. ही गाठ आत फुटली तर जिवावर बेतते. शस्त्रक्रिया करावी लागते, औषध महिनेच्या महिने चालते.

खाटकाने बोकड सोलल्यावर आतड्यांच्या झालरीला एखादी पाण्याची पिशवी लोंबताना तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. ती बहुधा कुत्र्याच्याच दुसऱ्या एका पट्टकृमीची असते आणि माणसाला तिचे भय नाही. मेंढी मान वाकडी करून एकाच अंगाला गोल गोल फिरू लागते, धनगर म्हणतो हिच्या डोक्यात काही शिरले. त्याचे म्हणणे अक्षरशः खरे असते, मेंदूत तिसऱ्या एका पट्टकृमीची पिशवी असते. माणसाला हा प्रकार क्वचितच होतो. ज्याला भ्यायचे ती कलेजीत आणि फुप्फुसात रुतलेली, जाड पांढऱ्या भिंतीची पिशवी. परंतु कुत्र्याला यांपैकी कोणतीच टाकू नये. आणि आपण तर सोललेल्या जनावराचे जे टाकाऊ ते पहिल्यांदा कुत्र्यालाच टाकतो. सरकारी कत्तलखान्यात अशी कलेजी बाजूला काढून नष्ट करतात. मुंबईच्या देवनारला १९७१ साली मोठा कत्तलखाना निघाला, तेथे जनावर कापण्यापूर्वी आणि कापल्यानंतर पशुवैद्य पाहतो. महाराष्ट्रातल्या कत्तलखान्यांतून गोळा केलेल्या अशा पिशव्यांचा मुंबईच्या पशुवैद्यक महाविद्यालयातील शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर अभ्यास केला, तो २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात म्हशीशी नाते सांगणारा वाण सर्वांत जास्त आढळला. म्हैस आपल्याकडे म्हातारी होईपर्यंत राबते, दूध देते. जितकी वर्षे जास्त तितकी अंडी पोटात जाण्याची संधी जास्त. पण देवनारचा पशुवैद्य आठवडी बाजाराच्या कडेला झाडाखाली कापल्या जाणाऱ्या बोकडापाशी कधी येणार?

आणि जे जनावर कापलेच जात नाही, गोठ्यात मरते, त्याचे काय? येथे इतिहासाचा एक अवघड भाग येतो, तो टाळून चालणार नाही. मेलेले ढोर ओढून नेणे हे काम गावाने पिढ्यानपिढ्या महारांवर लादले होते. मजुरी नाही, मान नाही, उलट त्याच कामावरून विटाळ. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत आपल्या लोकांना मृत मांस खाणे आणि मेलेली ढोरे ओढणे सोडण्यास सांगितले. मी त्याकडे संघटित संप म्हणून पाहतो, आणि माझ्या माहितीतल्या संपांत इतका न्याय्य संप दुसरा नाही. पण संप झाल्यावर काम दुसऱ्या कोणी पत्करले काय? गावाने ते काम आपले मानलेच नाही. ढोर शिवेवर टाकायचे आणि पाठ फिरवायची. तोवर ते फुकट करणारा एक कामगार आकाशात शिल्लक होता, म्हणून कोणाला काही जाणवले नाही. गिधाडांचा थवा तासाभरात हाडे मोकळी करी, आणि गिधाडाच्या पोटात हा पट्टकृमी वाढत नाही. १९९० नंतर गिधाडे भराभर नाहीशी झाली. गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक त्यांना मारते असे २००४ साली सिद्ध झाले आणि २००६ साली जनावरांसाठी त्याच्या वापराला आपल्याकडे बंदी झाली, पण तोवर आकाश रिकामे झाले होते. आता शिवेवरचे ढोर कुत्री खातात. आमच्या माळावर अजून लांडगा आहे, कोल्हा आहे; तेही तेथेच येतात. रानातला आणि गावातला पट्टकृमी यांची गाठ त्या सांगाड्यापाशी पडते.

हा रोग घालविता येतो काय? येतो, आणि आपल्यापेक्षा गरीब असताना एका देशाने तो घालविला. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात आइसलँड बेटावर मेंढरे भरपूर, कुत्री भरपूर आणि हा रोग घरोघर. १८६३ साली हाराल्ड क्राब्बे नावाचा डॅनिश पशुवैद्यक तेथे गेला. त्याने शंभर कुत्री फाडून पाहिली, तर अठ्ठाविसांत हा पट्टकृमी. दुसऱ्याच वर्षी त्याने सोप्या भाषेत एक लहान पुस्तिका लिहिली आणि ती सरकारने लोकांत फुकट वाटली. खराब कलेजी पुरावी वा जाळावी, कुत्र्याला देऊ नये, कुत्र्याच्या तोंडी ताटली लावू नये. १८६९ साली कुत्र्यांवर कर बसविणारा कायदा झाला. कर बसताच कुत्र्यांची गणती झाली हे ओघानेच आले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो रोग तेथून जवळजवळ नाहीसा झाला. तेव्हा प्राझिक्वांटेलसारखे आजचे औषध नव्हते, स्कॅन नव्हते. लांबच्या हिवाळी रात्री घरोघर वाचन करणारे लोक होते, आणि यादी होती. न्यूझीलंडने १९५९ साली यासाठी स्वतंत्र कायदा केला आणि २००२ साली आपण या रोगातून जवळजवळ मुक्त झाल्याचे जाहीर केले.

आपल्याकडे संडासाच्या बाजूने मोठे काम करणारी माणसे झाली नाहीत असे नाही. गाडगेबाबांचा खराटा आपल्या सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या नावाची ग्रामस्वच्छता मोहीम २००० साली राज्य सरकारने सुरू केली. कोकणातल्या अप्पासाहेब पटवर्धनांचे नाव मात्र आपल्या भागात फारसे ऐकू येत नाही. रत्नागिरीच्या तुरुंगात १९३२ साली त्यांनी भंगीकाम करण्याचा हक्क मागितला आणि नाकारल्यावर उपवास आरंभला. महात्मा गांधींनी त्यांची बाजू उचलून धरली. पुढे कणकवलीस १९४८ साली गोपुरी आश्रम काढून त्यांनी स्वस्त संडास आणि मैल्यापासून खत हा आयुष्याचा ध्यास केला. मैला खड्ड्यात झाकून पुरता कुजविला तर रोगाची बीजे त्यातच मरतात. ताजा मैला वाफ्यात सोडला तर ओल्या मातीत पट्टकृमीची अंडी महिनोन् महिने टिकतात. हे शास्त्र अप्पासाहेबांच्या खड्ड्यात होते. २०१४ नंतर गावोगाव संडास पुष्कळ झाले, ही समाधानाची गोष्ट आहे. टाकी भरल्यावर उपसलेला मैला कोठे ओततात, हे मात्र आपापल्या गावी एकदा पाहून यावे.

आणि तो उपसणाऱ्याचे काय? खाटकाच्या हाताखालच्या पोराचे, जनावरे हाताळणाऱ्या मजुराचे, सफाई कामगाराचे काय? १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य रोगांची यादी होती, आणि जनावरे, त्यांची प्रेते किंवा प्रेतांचे भाग हाताळताना जडणारे संसर्गजन्य व कृमिजन्य रोग त्यात आले होते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ती यादी घेतली आहे. कायदा आहे, परंतु रोग कामामुळेच जडला हे दाखवायला कागद लागतो, आणि झाडाखालच्या कत्तलीचा कागद नसतो. म्हणजे आपण पुन्हा मद्रासच्या कुल्यापाशी येऊन पोचलो.

डुकरांना या पट्टकृमीपासून वाचविणारी लस ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या शास्त्रज्ञांनी शोधली आणि ती आज हैदराबादेत, इंडियन इम्युनॉलॉजिकल्स या कारखान्यात तयार होते. म्हणजे आपल्या मराठवाड्याच्या जुन्या राजधानीतच. अडचण एवढीच की या रोगाने डुक्कर आजारी दिसत नाही, मरत नाही. मग गरीब डुक्करवाल्याने पदरचे पैसे घालून ते का टोचावे? फायदा होणार तो गावातल्या सर्वांना, तेव्हा पैसे गावाने घालावेत हे सरळ आहे.

टेंभुर्णीपुरते बोलायचे तर दोन गोष्टी खर्चाच्या नाहीत. मटणाच्या दुकानांमागे झाकणाचा एक खोल खड्डा, ज्यात कुत्र्याचे तोंड जाणार नाही. आणि ग्रामपंचायतीत एक वही: तारीख, जनावर कोणते, कलेजी चांगली की पिशव्यांची, आणि जनावर कोणत्या गावाहून आले. शेवटचा रकाना कोणी रिकामा सोडू नये. पिशव्यांची कलेजी ज्या वाडीवरून आली त्या वाडीची कुत्री गाठून त्यांना दर सहा आठवड्यांनी औषध द्यावे लागते, आणि कोणत्या वाडीवर जायचे हे पशुवैद्यकीय दवाखान्याच्या डॉक्टरला त्या रकान्यावाचून समजणार नाही.